लिंबू विसरलेला पाक आणि नळीमागच्या रेघा

सॉल्युबिलिटी टेस्ट ही आमच्या लॅबमधली सगळ्यात साधी टेस्ट, सिकल सेल या लाल पेशी वाकड्या करणाऱ्या रक्ताच्या आजारासाठीची. काचेच्या छोट्या नळीत २ मिली रिएजंट (तपासणीचं रसायन) घ्यायचं, त्यात २० मायक्रोलिटर रक्त सोडायचं म्हणजे जेमतेम एक थेंब, हलवायचं, ५ मिनिटं थांबायचं आणि मग नळीच्या मागे रेघांचं कार्ड धरायचं. पांढऱ्या कार्डावर जाड काळ्या रेघा असतात. नळीतून रेघा स्वच्छ दिसल्या की निगेटिव्ह. रेघा दिसेनाशा झाल्या, आतलं लाल पाणी गढूळ झालं, की त्या रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन आहे. तेवढ्यावरून रुग्ण आहे की नुसता वाहक हे कळत नाही, त्यासाठी एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी मशीनवरची तपासणी, करावी लागते, पण त्या ५ मिनिटांत रेघा पुसट होत होत नाहीशा होताना बघणं हे इतक्या वर्षांनी पण मला जड जातं.

फेब्रुवारीत मध्य प्रदेशातल्या आलीराजपूरकडचे एक जण मुलीला घेऊन आले होते. मुलगी असेल १४-१५ वर्षांची, हॉस्टेलला राहून शिकणारी. लहानपणापासून हातपाय दुखायचे, पोट दुखायचं, दर थोड्या महिन्यांनी ताप, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी वाताचं दुखणं म्हणून इंजेक्शन टोचलेलं, एवढ्या वर्षांत एकदाही कोणी रक्त तपासायला पाठवलं नव्हतं. सॅम्पल घेतलं, नळी लावली, रेघा गेल्या. मी सहसा पेशंटसमोर काही बोलत नाही, रिपोर्ट डॉक्टर समजावतात, पण तिचे वडील काउंटरच्या पलीकडून नळीकडेच बघत होते आणि त्यांनी विचारलं, "मॅडम, खून तो लाल ही है, फिर खराबी कहाँ है?"

मी सांगितलं की रक्तातलं एक प्रोटीन एकमेकांना चिकटतं म्हणून पेशी वाकड्या होतात. त्यांनी मान हलवली. पण माझं मलाच पटलं नाही ते उत्तर, कारण प्रोटीन एकमेकांना चिकटतात हा काही आजार नाही, आपलं सगळं शरीरच त्या चिकटण्यावर उभं आहे. तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं, म्हणजे त्यांनी विचारलं त्याचं पूर्ण उत्तर.

ते सुचलं मात्र आईच्या स्वयंपाकघरात. बाबांचा वाढदिवस होता आणि बाबांना पाकातल्या पुऱ्या लागतात. आईचं वय झालं, हात थरथरतो म्हणून पाक मी केला. केशर, वेलची सगळं घातलं पण लिंबू पिळायचं राहिलं. रात्री उरलेला पाक पातेल्यात तसाच झाकून ठेवला, सकाळी बघते तर साखरलेला. आईने एक बोट लावलं आणि म्हणाली, "लिंबू नव्हतं ना घातलंस? आणि कडेची साखर पण पुसली नाहीस." पातेल्याच्या कडेला उकळताना जी साखर सुकून बसते ना, तिचे दोन-चार दाणे पाकात पडले की त्यांच्याभोवती बाकीची साखर जमत जाते आणि मग थांबत नाही. तोपर्यंत पाक तासन्तास छान पारदर्शक दिसतो, काही होतंय असं वाटत पण नाही, आणि एकदा सुरू झालं की बघता बघता सगळं पातेलं खरखरीत.

हेच. अगदी हेच त्या नळीत होतं.

आता थोडं मागून सांगते. प्रोटीन म्हणजे अमिनो ॲसिडची लांब माळ, आणि ती माळ पाण्यात स्वतःभोवती गुंडाळून गोळा होते. काही मण्यांना पाणी आवडतं, काहींना तेलासारखं पाण्याचं वावडं असतं. वावडं असलेले मणी आत लपतात, आवडणारे बाहेर राहतात. पण सगळेच काही आत मावत नाहीत, काही तेलकट भाग बाहेर उघडे राहतात, आणि मग असे दोन गोळे जवळ आले की ते उघडे भाग एकमेकांना लावून टाकतात, पाण्यापासून सुटका. दोन जुळले की डायमर, चार जुळले की टेट्रॅमर, सहा की हेक्झामर, आणि अशा मोजक्या जुळणीला मिळून म्हणतात ऑलिगोमर. यात चूक काहीच नाही. आपल्या पेशींमधली कितीतरी प्रोटीनं एकेकटी काम करतच नाहीत, जोडीने नाहीतर चौकडीने करतात.

हिमोग्लोबिन चौकडी आहे. दोन अल्फा साखळ्या, प्रत्येकी १४१ मण्यांच्या, आणि दोन बीटा, प्रत्येकी १४६ मण्यांच्या. मॅक्स पेरुट्झ यांनी १९३७ च्या सुमाराला क्ष-किरणांनी याचा नकाशा काढायला घेतला आणि तो ढोबळमानाने हाती लागायला १९५९ उजाडलं, मग १९६२ साली नोबेल. २२ वर्षं एका प्रोटीनमागे! पण जे हाती लागलं ते बघा. चार जणांपैकी एकाने ऑक्सिजन धरला की बाकीच्या तिघांची बैठक थोडी हलते आणि त्यांना धरणं सोपं जातं. आणि सोडताना पण तसंच, एकाने सोडला की बाकीचे सोडायला तयार. म्हणून फुप्फुसात ते भरभरून घेतं आणि स्नायूंपाशी मोकळ्या हाताने देतं. स्नायूंमध्ये मायोग्लोबिन नावाचं याचं एकटं राहणारं भावंड असतं, ते ऑक्सिजन इतका घट्ट धरून ठेवतं की रक्तातून नेऊन वाटायचं काम त्याच्याकडून झालंच नसतं. देता येणं हे चौघांनी एकत्र असल्यामुळे आलं.

आणि यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी पुस्तकात एका ओळीत उरकतात: ते चारावर थांबतं. चौघांचे जुळायचे सगळे भाग एकमेकांत गुंतलेले असतात, बाहेर कुणाचा हात मोकळा राहत नाही. फुगडीचा फेर असतो ना, सगळ्यांचे हात धरलेले, पाचवीला घुसायला जागा नाही. म्हणून लाल पेशीत एवढी गर्दी चालते. एका लाल पेशीत साधारण २७ कोटी हिमोग्लोबिन असतात, पेशीच्या आतल्या दर १०० मिलीमागे ३३-३४ ग्रॅम, म्हणजे खूपच दाट, आणि तरी ते पातळ राहतं, वाहतं, पेशी स्वतःपेक्षा अरुंद केशिकेतून, म्हणजे सगळ्यात बारीक रक्तवाहिनीतून, दुमडून निघून जाते.

सिकलमध्ये काय होतं तर बीटा साखळीतला सहावा मणी बदलतो. १४६ पैकी एक. ग्लुटामिक ॲसिड असायचं तिथे व्हॅलिन. पहिल्यावर विद्युतभार असतो, त्याला पाणी आवडतं. दुसरं तेलकट. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की सिकलच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात वेगळ्या वेगाने सरकतं, आणि त्यांनी याला रेणूचा आजार म्हटलं, तसं त्याआधी कुठल्याच आजाराला कोणी म्हटलेलं नव्हतं. नेमका कुठला मणी ते पुढे १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रम यांनी शोधलं. आम्ही आजही एचपीएलसीवर हाच विद्युतभाराचा फरक वापरतो, मशीन नवं, तत्त्व तेच.

तर त्या एका तेलकट मण्यामुळे फेरातल्या मुलीला अजून एक हात फुटतो. ऑक्सिजन धरलेला असतो तोपर्यंत काही बिघडत नाही, कारण तो हात घालायला शेजाऱ्याकडे खाच नसते. ऑक्सिजन सोडला की चौकडीची बैठक बदलते आणि बीटा साखळीवर बरोबर तेवढी खाच उघडते. मग पहिल्याचा हात दुसऱ्याच्या खाचेत, दुसऱ्याचा तिसऱ्याच्या, आणि आता चारावर थांबायचं कारणच उरत नाही. अशा रांगा एकमेकींभोवती पिळ घेतात, १४ रांगांचा एक दोर होतो, आणि असे दोर पेशीला आतून ताणून विळ्यासारखी करतात. ती पेशी मग दुमडत नाही, अडकते, तिच्यामागे दुसरी अडकते, पुढच्या हाडाला रक्त पोचत नाही, आणि ते दुखणं म्हणजे आपण ज्याला क्रायसिस म्हणतो ते. आमच्या नळीतलं रिएजंट हेच करतं, त्यात डायथायोनाइट असतं ते ऑक्सिजन काढून घेतं, आणि दोर तयार झाले की प्रकाश आरपार जात नाही, रेघा जातात.

आता पाकाकडे परत या, कारण यातला मला सगळ्यात जास्त आवडणारा भाग इथे आहे. आवडणारा म्हणजे, यात जीव वाचायला जागा आहे म्हणून आवडणारा. ऑक्सिजन गेला की दोर लगेच होत नाहीत. आधी थोडी चौकडी-चौकडी जुळून एक छोटं बीज तयार व्हावं लागतं, कडेच्या साखरेच्या दाण्यासारखं, आणि ते व्हायला वेळ लागतो. पेशी केशिकेतून साधारण सेकंदभरात निघते. बीज तयार व्हायच्या आत ती पुढे गेली, शिरेतून फुप्फुसात पोचली, परत ऑक्सिजन मिळाला, की सुटली. म्हणजे हा सगळा आजार एका शर्यतीवर चालतो, दोर आधी होतो की पेशी आधी निसटते.

आणि हा वेळ हिमोग्लोबिनच्या दाटपणावर इतका अवलंबून आहे की विश्वास बसत नाही. १९७४ मध्ये एटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजलं तेव्हा तो दाटपणाच्या साधारण ३० व्या घाताने बदलत होता. ३० वा घात! स्वतः कॅल्क्युलेटरवर करून बघा, १.१ चा ३० वा घात १७ च्या वर येतो. म्हणजे पेशीतलं पाणी कमी होऊन आतलं हिमोग्लोबिन नुसतं १० टक्के दाट झालं तर निसटायला मिळणारा वेळ १७ पटीने कमी. सिकलच्या पेशंटला डॉक्टर "पाणी भरपूर प्या" म्हणतात ते असं उगाच सगळ्यांना सांगतात तसं नाही आहे, हे अक्षरशः औषध आहे. ताप आला, जुलाब झाले, मे महिन्यात माळव्याच्या उन्हात शेतात काम केलं, की पाक घट्ट होतो.

त्या मुलीला मी विचारलं होतं दिवसभरात पाणी किती पितेस. ती वडिलांकडे बघायला लागली. मग ते बाहेर पैसे भरायला गेले तेव्हा हळूच म्हणाली की हॉस्टेलवर संडास लांब आहे, रात्री जायला भीती वाटते, म्हणून संध्याकाळनंतर पाणी पीतच नाही. कुठलं हॉस्टेल ते लिहीत नाही. पण मला हे वाचणाऱ्या प्रत्येकाला सांगायचंय की ३० व्या घाताचं गणित आणि संडासाचा दिवा हे दोन्ही एकाच आजारातले आहेत, आणि दुसरं दुरुस्त करायला कुठलंही नोबेल लागत नाही.

आता लिंबू. लिंबाने पाक का साखरत नाही? आंबटपणामुळे उकळताना काही साखर फुटून तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात. ते पण गोडच, पण त्यांचा आकार वेगळा, साखरेच्या स्फटिकाच्या रचनेत ते बसत नाहीत, मध्ये मध्ये अडथळा करतात आणि स्फटिक वाढू देत नाहीत. रक्तातलं लिंबू म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन, एचबी-एफ. पोटातल्या बाळात बीटाच्या जागी गामा साखळी असते. ही गामावाली चौकडी ऑक्सिजन नेते-आणते व्यवस्थित, पण दोरात बसत नाही, आणि एक गामा एक सिकल-बीटा अशी मिश्र चौकडी झाली तर ती पण बसत नाही. म्हणून सिकलच्या बाळाला जन्मल्यावर काही महिने काहीच त्रास नसतो, आई-वडिलांना कळत पण नाही, साधारण सहा महिन्यांनी गामा कमी होऊन बीटा वाढली की मग सुरू होतं. (आणि म्हणूनच त्या वयाच्या आत आमची नळीवाली टेस्ट करू नये, रेघा दिसतात आणि उगाच खोटा दिलासा मिळतो.)

हायड्रॉक्सीयुरिया नावाची गोळी हेच करते, बंद पडलेली गामा परत थोडी सुरू करते. १९९५ साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत दुखण्याचे क्रायसिस जवळजवळ निम्म्यावर आले होते. गोळी जुनी आहे, फार महाग नाही, नियमित रक्त तपासून घ्यावी लागते कारण पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात. २०२३ च्या १ जुलैला आपल्याच मध्य प्रदेशात शहडोलला सिकल सेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ चं लक्ष्य. तपासणी व्हायलाच पाहिजे. पण तपासून कार्ड हातात देणं हा अर्धाच भाग आहे, गोळी दर महिन्याला गावात मिळणं हा उरलेला अर्धा.

जुळणं नेहमी वाईट नसतं म्हटलं ना, त्याचं दुसरं उदाहरण आईच्या फ्रीजमध्ये आहे. आई १२ वर्षांपासून इन्सुलिन घेते. इन्सुलिन अगदी छोटं प्रोटीन, ५१ अमिनो ॲसिडचं, आणि स्वादुपिंडात ते सहा-सहाच्या जुडग्यात साठवलेलं असतं, मध्ये जस्ताचे २ आयन खिळ्यासारखे. डोरोथी हॉजकिन यांनी १९३५ मध्ये त्याच्या स्फटिकाचा पहिला क्ष-किरण फोटो काढला आणि रचना पूर्ण झाली १९६९ ला. ३४ वर्षं. त्या १९६९ च्या पेपरवर आपल्याकडचे एम. विजयन यांचं पण नाव आहे, पुढे ते बेंगळुरूच्या आयआयएससीत होते, हे मला एमएस्सीला कळलं तेव्हा इतका आनंद झाला होता.

काम मात्र एकटं इन्सुलिनच करतं. म्हणून साधं रेग्युलर इन्सुलिन टोचल्यावर अर्धा तास जेवायचं थांबायला सांगतात, त्वचेखाली सहाचे दोन, दोनाचे एक असं सुटायला तेवढा वेळ लागतो. १९९६ मध्ये लिस्प्रो नावाचं इन्सुलिन आलं त्यात फक्त बी साखळीतल्या २८ आणि २९ नंबरच्या दोन मण्यांची अदलाबदल केली होती, त्यामुळे जुळणी सैल झाली आणि इन्सुलिन लवकर सुटायला लागलं, टोचून लगेच ताटावर बसता येतं. आणि उलट डेग्लुडेक नावाच्या इन्सुलिनमध्ये जुडग्यांची लांब साखळी मुद्दाम करतात म्हणजे दिवसभर थोडं थोडं सुटत राहील. जुळणं केवढं हातात आलंय बघा माणसाच्या.

पण तेच इन्सुलिन उष्णतेत राहिलं, हिंदकळत राहिलं, तर ते उलगडतं आणि मग वेगळ्याच प्रकारे जुळतं, सहावर न थांबणारं. मागच्या वर्षी मे महिन्यात आम्ही आईला घेऊन बडोद्याला आत्याकडे गेलो होतो गाडीने. इन्सुलिनची व्हायल (छोटी बाटली) पर्समध्ये, पर्स मागच्या काचेपाशी, दाहोदच्या पुढे जेवायला थांबलो तेव्हा गाडी दीड तास उन्हात. ही चूक माझी, मला कळायला हवं होतं, मी रोज हेच काम करते. तिकडे दोन दिवस डोस बरोबर देऊनसुद्धा आईची शुगर ३५० च्या खाली येईना. मग मी व्हायल खिडकीपाशी धरून नीट पाहिली. स्वच्छ पाण्यासारखं दिसायला हवं ते इन्सुलिन, आणि काचेला आतून पातळ पांढरट साय धरलेली, हिवाळ्यात खिडकीला वाफ धरते तशी, हलवली की बारीक धागे फिरताना दिसत होते. नवी व्हायल आणली, दुसऱ्या दिवशी शुगर १९०.

म्हणून सांगते, रेग्युलरची व्हायल प्रत्येक वेळी उजेडात धरून बघा. दुधी रंगाचं इन्सुलिन असेल तर ते दुधीच असतं, हातावर हलकेच फिरवल्यावर सगळीकडे एकसारखं झालं पाहिजे, काचेला गुठळ्या चिकटून राहिल्या तर टाकून द्या. बर्फात गोठलेलं पण टाकून द्या. वीज नसते तिथे ओल्या मातीच्या मडक्यात ठेवतात ते चांगलं चालतं, आमच्या आजोळी तसंच ठेवायचे.

व्हायलमधल्या त्या धाग्यांना म्हणतात अमायलॉइड. हे नाव जर्मन डॉक्टर विरखो यांनी १८५४ मध्ये दिलं, आयोडीनने रंग बदलला म्हणून त्यांना वाटलं हे पिष्टमय काहीतरी आहे, पाचच वर्षांत कळलं की हे प्रोटीन आहे पण नाव राहून गेलं. आमच्याकडे बायोप्सी येते तेव्हा काँगो रेड रंग लावतात आणि पोलराइज्ड प्रकाशात सफरचंदी हिरवं चमकलं की अमायलॉइड. दिसायला सुंदर असतं ते, आणि म्हणूनच बघवत नाही.

बडोद्याची आत्या म्हणजे पाकाची खरी गुरू. आईला लिंबाचं तिनेच शिकवलं. त्या मे महिन्यात गेलो तेव्हा तिने मला ओळखलं नाही. अल्झायमर आहे, आठ वर्षं झाली. तिच्या मेंदूत जे जमतंय ते ४०-४२ मण्यांचं बीटा अमायलॉइड, आणि पेशींच्या आत टाऊ नावाचं दुसरं प्रोटीन. १९०६ मध्ये अलॉइस अल्झायमर यांनी मेंदूच्या कापांमध्ये जे डाग दाखवले ते याचेच. कितीतरी वर्षं सगळे त्या डागांनाच आजार समजत होते. पण डाग भरपूर आणि माणूस ठणठणीत, असं पण सापडायचं. १९९८ पासून मग असं पुढे येत गेलं की जास्त त्रास मोठ्या डागांपेक्षा त्याच्या आधीच्या छोट्या, पाण्यात फिरणाऱ्या ऑलिगोमरचा असावा. डाग एका जागी बसलेला असतो, छोटे जुडगे फिरतात, चेतापेशींच्या जोडांवर जाऊन बसतात. त्यांचे तेलकट हात अजून उघडे असतात ना.

यातला एक गाजलेला २००६ चा पेपर, एबीटा*५६ नावाच्या विशिष्ट ऑलिगोमरवरचा, २०२४ मध्ये मागे घेतला गेला कारण त्यातल्या चित्रांमध्ये फेरफार निघाली. तेव्हा व्हॉट्सॲपवर फिरत होतं की अल्झायमरचं सगळं संशोधनच खोटं. तसं नाही आहे. एक पेपर गेला, ऑलिगोमरवरचं बाकीचं काम वेगवेगळ्या लॅबमध्ये स्वतंत्रपणे झालंय. पण मला राग याचा येतो की ज्यांच्या घरी आत्या आहे त्यांनी कशावर विश्वास ठेवायचा? लेकानेमॅब नावाचं औषध मोठ्या होऊ घातलेल्या जुडग्यांना धरतं, १७९५ लोकांवरच्या १८ महिन्यांच्या चाचणीत घसरण २७ टक्क्यांनी मंदावली, थांबली नाही, आणि काहींच्या मेंदूत सूज किंवा बारीक रक्तस्राव झाला. ते पण सुरुवातीच्या टप्प्यातल्या लोकांसाठी. आत्यासाठी नाही. आत्या अंगठा आणि तर्जनी एकमेकांना लावून हळूच लांब करते, पाकाची तार बघावी तशी, जेवताना, टीव्हीसमोर बसल्यावर, कधीही.

एक उलटं उदाहरण सांगते आणि मग संपवते. ट्रान्सथायरेटिन हे यकृतात तयार होणारं प्रोटीन, थायरॉइडचं हार्मोन आणि अ जीवनसत्त्व वाहून नेण्यात याचा हात असतो, आणि हे पण चौकडी. इथे आजार होतो तो चौकडी सुटल्यामुळे. एकटे पडलेले उलगडतात आणि मग चुकीचं जुळून हृदयात, नसांमध्ये जाऊन बसतात. त्यावरचं औषध टॅफॅमिडिस काय करतं, तर चौकडीच्या मधल्या खाचेत बसून तिला सुटू देत नाही. पोर्तुगालमधल्या काही कुटुंबांत आजाराचं जनुक असून पण काही जणांना त्रास झाला नाही, कारण त्यांच्या जनुकाच्या दुसऱ्या प्रतीत चौकडी घट्ट करणारा बदल होता. म्हणजे एकीकडे जुळू नये म्हणून औषध आणि दुसरीकडे सुटू नये म्हणून. खराबी कुठे आहे या प्रश्नाचं मला सापडलेलं उत्तर हेच, की ज्या जुळणीला थांबायची जागा आहे ती आपल्याला जगवते, आणि जिला नाही तिच्यात.

ऑगस्टमध्ये ती मुलगी परत आली, हायड्रॉक्सीयुरिया चालू होऊन सहा महिने होत आले होते. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एचपीएलसी दोन्ही सांगितलं होतं. एचबी-एफ फेब्रुवारीत ११ टक्के होतं, आता १९. मधल्या काळात एकदाच दुखलं, आणि घरीच बरं झालं असं वडील म्हणाले. मी दोन्ही ग्राफ शेजारी शेजारी ठेवून दाखवले. आमच्या मशीनवर एफचं शिखर सुरुवातीलाच येतं आणि एसचं, म्हणजे सिकलच्या हिमोग्लोबिनचं, अगदी मागे. वडिलांना पाक सांगितला, कडेचे दाणे, लिंबू, सगळं, त्यांच्या लगेच लक्षात आलं कारण त्यांच्या घरी गूळ करतात. मुलगी मात्र ग्राफच बघत होती. तिने सुरुवातीच्या छोट्या शिखरावर बोट ठेवलं, "ये वाला मेरे छोटेपन का है?"

मी म्हटलं हो, तेच.

तिने कागदाची घडी घातली, शिखरावरून घडी जाणार नाही अशी, आणि दप्तरात ठेवला. इंदूरच्या गंगवाल बस स्टँडवरून त्यांना अडीचची गाडी होती. पाण्याची बाटली हातात होती, निम्मी झालेली, ती तिने जाताना आमच्या कूलरवर भरून घेतली.